देवीच्या घटाला मुंग्या

तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगायचे, 'जिवाणू वाढवते.' मग समोरची बाई हळूच पदर नाकाशी नेई. एका लग्नात नवरदेवाच्या मावशीने माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेतला, माझं काम विचारलं, आणि उत्तर ऐकून तो ग्लास तसाच खुर्चीखाली सरकवून दिला. वर म्हणाली, तहान गेली. मला इतकं हसू आलं की चालू मंगलाष्टकांतून उठून मांडवाबाहेर जावं लागलं. हसू हा माझा जुना आजार आहे. तो नको तिथे उसळतो, आणि माझ्या नोकरीत नको तिथे उसळायच्या जागा फार होत्या.

जानेफळला आमच्या शेतकरी गटाचं गोदाम आहे. त्याला लागून तीन खोल्या, तीच आमची प्रयोगशाळा. पिकांना लागणारे जिवाणू तयार करायचे आणि पुड्या भरून शेतकऱ्यांना द्यायचे, हे माझं काम. कागदोपत्री मी आता निवृत्त आहे. पण यंत्र कुरकुरलं की नवीन पोरी मलाच फोन लावतात, आणि मीही अर्धा चहा टाकून जाते. न जाण्याचं सुख मला अजून जमलेलं नाही.

बाहेरच्यांना हे काम फार मोठं वाटतं. खरं सांगते, ज्या बाईला चांगलं दही लावता येतं तिला हे शिकवता येतं. फ्रिजमध्ये काचेच्या नळीत जिवाणूंचं विरजण असतं. कुकरच्या थोरल्या बहिणीसारखं एक यंत्र असतं, त्यात साखर-क्षार घातलेलं पाणी वाफेवर निर्जंतुक करायचं. ते गार झालं की काचेच्या पेटीत, ज्योतीशेजारी, श्वास आवरून त्यात विरजण घालायचं. मग ती भांडी सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवायची. झोके मिळत राहिले की पाणी गढूळ होतं, आणि त्या गढूळपणात कोट्यवधी जीव असतात. शेवटी हे पाणी दगडी कोळशाच्या बारीक काळ्या भुकटीत मिसळायचं आणि पुड्या भरायच्या. शेतकऱ्याने पेरणीच्या दिवशी गूळपाणी करून, ते गार झाल्यावर त्यात पुडी कालवायची, बियाण्याला चोळायची, बी सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. गूळ कशाला, तर पुडी बियाला चिकटावी म्हणून. हा गूळ जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुड्याही वेगवेगळ्या. हरभरा, तूर, सोयाबीनला रायझोबियम. तो मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र धरून झाडाला देतो. गव्हा-ज्वारीला अ‍ॅझोटोबॅक्टर. आणि ट्रायकोडर्मा, ही तर जिवाणूसुद्धा नव्हे, बुरशीच. पण पिकाला सडवणाऱ्या बाकीच्या बुरशांना खाऊन टाकते, म्हणून तिला मित्रबुरशी म्हणतात. मी तिला मनातल्या मनात थोरली जाऊ म्हणायचे. ती एकदा घरात आली की दुसरी कोणी टिकत नाही.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. उंद्रीचा एक गृहस्थ फोडलेली पुडी बशीत पसरून परत घेऊन आला. म्हणाला, "ताई, जितं हाय म्हणून देलं. सकाळपासून पाहून राह्यलो, एकबी हालला नाही." मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. बराच वेळ डोळा लावून बसला, आणि मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, हे आपल्याला पाहत असतील का. दुसऱ्या एकाने पुड्या उंदरांपासून जपायच्या म्हणून ऐन उन्हाळ्यात टिनाखालच्या माळ्यावर ठेवल्या. तिथे पापड भाजला असता. पेरणीला त्याने मेलेले जिवाणू मोठ्या प्रेमाने चोळले आणि वर्षभर मला रस्त्यात ओळख दिली नाही.

बीबी गावाकडचा एक जण तर मोटारसायकलवर पोतं बांधून सुसाट आला आणि ते माझ्या टेबलावर पालथं केलं. आतून सोयाबीनची उपटलेली झाडं. मुळांना गाठी झाल्या, रोग आला, पुडीने घात केला, असं त्याचं म्हणणं. मी एक गाठ नखाने फोडून दाखवली, आतून गुलाबी. म्हटलं, दादा, या गाठींसाठीच तर पुडी लावायची; गुलाबी निघाली म्हणजे आत काम जोरात चालू आहे. त्याने गाठीकडे पाहिलं, रिकाम्या पोत्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "आता हे परत लावता येईन का?" मी हसले, मग तोही हसला. पण ती झाडं पुष्कळ दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक पुडीसोबत गाठींची गोष्टही बांधून द्यायला लागले.

या सगळ्यात माझी लाज कोणी राखली असेल तर मास्कने. विरजण लावताना तोंडाला मास्क बांधावाच लागतो, पण मी तो गिऱ्हाईक आल्यावरही काढत नसे. लोक म्हणत, बाई कामाची फार पक्की. मास्कच्या आत बाई ओठ चावून उभी असायची.

आता रेखाचं सांगते.

रेखा आमच्या गावातल्या गोदाबाईंची थोरली सून. गोदाबाई म्हणजे घरात आणि शेतात दोन्हीकडे जिचा शब्द चालतो अशी बाई. धाकटी सून मंदा. घर चांगलं, खाऊन-पिऊन सुखी, फक्त आवाज मोठे. आमच्या भागात पेरणी आता ट्रॅक्टरवर होते, पण निदान एक तुकडा तरी बैलांच्या तिफणीने पेरायचा, असं अजून बरीच घरं पाळतात. त्या तिफणीमागे सरत्यावर घरची बाई लागते. सरता म्हणजे दोरीने बांधलेली पोकळ नळी, तिच्या तोंडाला वाटीसारखं चाडं. बाईने मागे चालत मुठीतून चाड्यात बी सोडत जायचं. मूठ सारखी सुटली तर पीक सारखं उगवतं, नाहीतर इथे दाटी आणि तिथे टक्कल. रेखाची मूठ अशी सारखी की लग्नात तिच्या वडिलांनी 'आमचा सरता चालला' म्हणून डोळे पुसले होते. लेकीचं वाईट वाटलं की सरत्याचं, ते त्यांनाच ठाऊक.

सासरी आल्यावर नवरात्रात घरचा घट पहिल्यांदा रेखाच्या हाताने बसला. पत्रावळीत शेतातली काळी माती, मातीत गहू, मधे पाण्याने भरलेला मातीचा घट. आणि गहू उगवलाच नाही. दाणे सडले, वर पांढरी बुरशी धरली, वास सुटला. दसऱ्याला गावातले पुरुष टोपीत हिरवे तुरे खोवून हिंडत होते आणि या घरच्यांच्या टोप्या नुसत्याच. त्यात सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, तोंडावर पाऊस आला आणि सोयाबीन शेतात काळं पडलं. पाऊस सबंध तालुक्यावर पडला होता, पण या घरापुरता तो रेखाच्या घटामुळे पडला असं ठरलं. गोदाबाई चारचौघींत बोलून बसल्या की हिच्या हाताला गुण नाही, हिच्या हातचं बी शेतात नको. हरभऱ्याच्या पेरणीला सरता मंदाच्या हाती गेला. पुढच्या नवरात्रात घट कसा येतो ते बघू, म्हणाल्या. पुढे मृगाचं पेरलं तेव्हाही रेखा बांधावर उभी राहून पेरणाऱ्यांना प्यायला पाणी देत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर मंदाचं तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडंतिकडं चाललं होतं.

ते पुढचं नवरात्र जवळ आलं तेव्हा एका दुपारी रेखा प्रयोगशाळेत आली आणि आत आल्याबरोबर दार लोटून घेतलं.

"ताई, तुमच्याजवळची पुडी घटाले चालते का?"

आमचं घर बौद्ध. आमच्याकडे घट बसत नाहीत; दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो. मी तिला म्हटलं, बाई, देवीचं मला काही सांगता येणार नाही, गव्हाचं सांगते. मग डॉक्टरसारखी सगळी चौकशी केली. पाणी किती घालत होतीस? तर सकाळ-संध्याकाळ, श्रद्धेने, तांब्या भरून. घट नवा होता, तो आपला आपण पाझरत होता, शिवाय हे वरून. आणि फरशी खराब होऊ नये म्हणून पत्रावळीखाली प्लास्टिक अंथरलेलं! गहू सडला नाही, बुडून मेला होता. मी तिला सांगितलं, प्लास्टिक काढ, वरचं पाणी बंद कर, अर्धं काम तेवढ्यानेच होईल. हे ऐकून तिचा चेहरा पडला. इतक्या मोठ्या दुःखाचं कारण प्लास्टिक असेल, हे तिला पटेना. म्हणून, आणि खरोखर उपयोग होईल म्हणूनही, तिला ट्रायकोडर्मा आणि अ‍ॅझोटोबॅक्टर थोडं थोडं बांधून दिलं. बियाला चोळ, गूळ बोराएवढा, जास्त नाही. जाताना तिने मला माझ्या लेकराची आन घातली, कोणाला सांगायचं नाही.

मी कोणाला सांगणार होते? पण दोनच दिवसांनी गोदाबाई आल्या.

आधी त्यांनी हरभऱ्याच्या पुड्यांची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्यांची, मग माझ्या सुनेची. मग उठून दार लोटून घेतलं. ते दार लोटलेलं बघताच मी मास्क नीट वर ओढला.

"कमल, घटात टाकाले काही असते का तुह्याजवळ?" त्या म्हणाल्या. "मी बोलून बसली माय चारचौघीत. पोर चांगली हाय. तिची मूठ मी पाह्यली हाय, तशी मूठ मले माह्या उमेदीत नाही जमली. पण आता बोललेलं गिळू कसं? घट आला पाहिजे, बस. म्हंजे मले तिले सरता देता येईन. आन् तिले सांगजो नोको. तिले वाटलं पाहिजे का तिच्याच हातानं आला."

मास्कच्या आत मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मास्क फक्त अर्धाच चेहरा झाकतो. मी पाठ फिरवून फ्रिज उघडला आणि उगाच नळ्या मोजल्यासारखं केलं. तुमची सून परवाच नेऊन गेली, हे ओठांवर आलं होतं. पण आन पडलेली. पुडी थोडी जास्त झाली तर पिकाचं काही बिघडत नाही, हा धंद्यातला दिलासा मी स्वतःला दिला आणि त्यांनाही बांधून दिली. म्हटलं, घटासाठी माती तुम्हीच चाळता ना, मग मातीत मिसळा. गूळ बोराएवढा.

"देवीच्या कामात बोराएवढा?" गोदाबाई म्हणाल्या. त्यांना ते अपमानासारखं वाटलं. मी पुन्हा बजावलं. त्यांनी मान हलवली. पण ती मान मी ओळखून आहे. पुड्या टिनाखाली ठेवणाऱ्याला सावलीचं सांगताना त्यानेही तशीच हलवली होती. शेतातल्या कामाला आमच्या बाया चमच्याने मोजून घेतील. देवीसाठी गूळ म्हटलं की हात मुळी थांबतच नाही, कारण तिथे गूळ चिकटवायला नसतो, नैवेद्याला असतो. हे माझ्या तेव्हा पुरतं लक्षात आलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मंदा आली. तिने दार लोटलं तेव्हाच मी स्टुलावर बसून घेतलं.

मंदाला घटाचं काही नव्हतं, तिला सरता नको होता. वर्षभर तिची कंबर धरत होती. तिच्या हातचं तूर-सोयाबीन असं उगवलं होतं की तिचा नवरा पाहुण्यांना शेत दाखवायला न्यायचा आणि मोकळ्या पट्ट्याकडे बोट करून इथून बस गेली होती म्हणायचा. थोरलीचा घट आला की आपली सुटका, असा तिचा साधा हिशोब. घटात पाणी भरायचं काम तिच्याकडे होतं, ती पुडी पाण्यात टाकणार होती. मी तिला सांगितलं, घटाच्या भिंतीतून हे जीव बाहेर पाझरणार नाहीत, काही उपयोग नाही. ती म्हणाली, असू द्या ताई, मनाचं समाधान. तिला ठाम नाही म्हणावं तर आधीच्या दोघींचं सांगावं लागलं असतं. मी चिमूटभर दिली. तिने जाता जाता विचारलं, गूळ टाकायचा असतो ना? मी काही बोलायच्या आत ती गेलीसुद्धा.

म्हणजे बघा. बियाला सुनेने लावलं, मातीत सासूने कालवलं, पाण्यात जावेने टाकलं, आणि तिघींपैकी एकीलाही दुसरीचं माहीत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी कसून बीजप्रक्रिया झालेला गहू मी दुसरा पाहिला नाही. मी संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापताना एकटीच हसत होते. मालक आत डोकावून गेले. तीस वर्षं माझ्याशी संसार केलेला माणूस.

माझं हसू फार टिकलं नाही. दोन माळा झाल्या नसतील तोच रेखा पुन्हा आली, या वेळी रडत.

घटाला मुंग्या लागल्या होत्या. काळ्या असत्या तर लक्ष्मी आली म्हणून बायांनी हळदीकुंकू वाहिलं असतं. या लाल होत्या, दाराच्या उंबऱ्यापासून थेट पत्रावळीपर्यंत रांग, आणि दाणे उकरून ओढून नेत होत्या. घट हलवता येत नाही, देवीजवळ औषध मारता येत नाही. शेजारची एक जण बघून गेली आणि जाताना तिने निःश्वास टाकला. तो निःश्वास आता गल्लीभर फिरणार होता.

"मी बोराएवढाच गूळ लावला, ताई," रेखा हुंदके देत म्हणाली. "माह्या हातालेच काही तरी हाय."

काय सांगू तिला? अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात त्या मुंग्यांचं कारण फक्त मला माहीत होतं. त्या घटात बियाला गूळ होता, मातीत गूळ होता, आणि पुडीतले जीव पाझरले नसले तरी पाण्यातला गूळ भिंतीतून मजेत पाझरत होता. पण तिला तो आपल्या हाताचा दोष वाटत होता, आणि ते ऐकून माझं हसू पहिल्यांदाच जागच्या जागी गेलं. मी आन मोडायचं ठरवलं. म्हटलं, उद्या सकाळी मी घरी येते, गोदाबाईंसमोरच बोलते. तिने डोळे पुसले आणि गेली. मी सबंध संध्याकाळ काय बोलायचं ते जुळवत होते.

सकाळी मी निघायच्या आत रेखाच माझ्या दारात. चेहरा असा की मला वाटलं हिला लॉटरी लागली.

"ताई, देवीनं केलं! मी उठून पाह्यते तं घटाच्या चौफेर हळदीचं रिंगण. गोल, जसं काही बांगडीच ठेवली. एक मुंगी आत नाही. माह्या हातानं नाही केलं, कोणीच नाही केलं. आत्याबाईले विचारलं तं त्या म्हणे, मले काय माहीत, देवीची करणी."

त्या घरात हळदीचा डबा कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली गोदाबाईंच्या कमरेला असते. मी दाराची चौकट धरली. म्हटलं, हो बाई, देवीचीच करणी. माझ्या तोंडून देवीचं नाव ऐकून तिला इतका आनंद झाला की तिने मला मिठीच मारली.

मग गहू आला. वर पाणी नाही, खाली प्लास्टिक नाही, सडवणारी बुरशी डोकं काढेल तर थोरली जाऊ बसलेलीच. आता धंद्याची इमानदारी म्हणून सांगते, नऊ दिवसांत अ‍ॅझोटोबॅक्टर काही पर्वत उचलत नाही. मोठं काम पाणी आवरल्याने झालं आणि बाकीचं ट्रायकोडर्माने. पण आला तो असा दाट आला की मधला घट दिसेनासा झाला.

दसऱ्याला मी विहारातून परस्पर रेखाकडे गेले, तिने फार आग्रह केला होता. पांढऱ्या साडीत मी एकटीच, बाकी घर लाल-हिरवं. गल्लीतल्या बाया दाटीने बसलेल्या. निःश्वासवालीही होती, पुढेच. गोदाबाई मोठ्याने म्हणाल्या की असा घट त्यांनी आजवर पाहिला नाही, आणि बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे हळूच बघितलं. मंदा म्हणाली, थोरलीच्या हाताला गुणच आहे, सरता तिनंच धरावा. आणि तिनेही माझ्याकडे हळूच बघितलं. रेखाने तर नुसतंच हळूच बघितलं. तिघींना वाटत होतं की या खोलीत आपलं आणि कमलताईंचं एक गुपित आहे. आणि माझ्याजवळ मास्क नव्हता.

मी उठून अंगणात पळाले आणि तुळशीआड पदरात तोंड घालून हसले. बायांना वाटलं मला भरून आलं. थोडं तेही होतंच. परत आत आले तेव्हा घट उठवला होता, पुरुषांच्या टोप्यांत तुरे चढत होते. गोदाबाईंनी एक झुपका माझ्याही हातात ठेवला. सगळ्या जणी हिरवे तुरे बघत होत्या, मी तो झुपका उलटा करून मुळं बघितली. पांढरी, भरगच्च, कुठे एक डाग नाही. ती मुळं मी कितीतरी वेळ बघत बसले असेन.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या शेतात हरभऱ्याची पेरणी निघाली. बियाण्याला रायझोबियम लावून द्यायला मला बोलावलं होतं. बैल जुंपलेले, तिफण उभी, रेखा नवीन लुगडं नेसल्यासारखी ताठ, सरत्याजवळ. गोदाबाई गूळपाण्याचं पातेलं घेऊन आल्या. मी आत बघितलं तर काकवी.

"गोदाबाई, एवढा गूळ?"

"एवढा कुठं," त्या म्हणाल्या. "घटाच्या मातीत टाकला होता तितकाच हाय. तवा नाही आला का गहू?"

बोलून गेल्यावर त्यांचा हात पातेल्यावरच राहिला. रेखाने मान वर केली.

"कोणत्या मातीत, आत्याबाई?"

गोदाबाईंनी उत्तर द्यायच्या आधी मंदा फुटली. "मातीत बी? मी तं पाण्यात टाकला होता."

रेखा एकदा सासूकडे बघे, एकदा जावेकडे. "मी बियाले लावला होता," ती कशीबशी म्हणाली. मग तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी बियाण्याच्या ढिगाशेजारी खालीच बसले. इतके दिवस कोंडलेलं हसू होतं ते, आणि आता ते लपवायचं कारण उरलं नव्हतं. मंदा हसली, बैलांजवळ उभा असलेला तिचा नवरा काही न कळताच हसला. रेखा मात्र हसत नव्हती. ती सासूकडेच बघत होती.

"मंग हळद?" तिने विचारलं.

गोदाबाई बैलांकडे बघायला लागल्या. पदराने त्यांनी कपाळ पुसलं, मान पुसली, आणि जरा रागानेच म्हणाल्या, "मंग का मुंग्यायले खाऊ द्यायचा होता तुह्या हातचा गहू? धर चाडं. बैल थांबले कवाचे."

मी गूळपाण्यात साधं पाणी वाढवलं, पुडी कालवली, बी चोळून सावलीत सुकवून दिलं. रेखाने ओटीत बी भरून घेतलं आणि तिफण चालली. तिची मूठ किती सारखी ते मी आधी सांगितलंच आहे. पण त्या दिवशी पहिल्या तासाला, सुरुवातीच्या थोड्या अंतरात, ती मूठ थरथरली असणार. तेवढ्या जागेत हरभरा असा दाट उगवला की एक झाड दुसऱ्याला उभं राहू देईना. जावई-पाहुणे येतात, बघतात, म्हणतात हे विरळून टाका.

गोदाबाई त्यातलं एक झाडही कोणाला उपटू देत नाहीत.